येऊन राहिलो

होळीच्या राखेला आठ दिवस झाले की हेमराज
गॅलरीतल्या कूलरवरची जुनी चादर ओढून काढतो,
गेल्या वर्षीच्या ताट्या खरवडतो,
आणि पंप बादलीत बुडवून
कान लावून बसतो,
नाडी बघावी तसा.

मी इतवारीतून आणलेला वाळा जाळीत दाबते.
तेवढ्यात आमचं सगळं बोलणं होतं:
पाना कुठाय. तुझ्या पायाशी.
मोटर तापते. बदलून टाक मग.
बदलून टाक म्हणते, किंमत ऐक आधी.

मग पाणी सुटतं.
वाळा भिजतो.

त्या वासाला कोणी सांगितलेलं नाही
की माझे गुडघे गेलेत,
की चारुलताला सातवा लागलाय,
की फ्लॅटचे सतरा हप्ते अजून बाकी आहेत.
तो मला धरून नेतो थेट महालातल्या वाचनालयात,
जिथे कूलर एकच होता,
त्याच्यासमोर खुर्चीही एकच,
आणि बीएस्सीचा एक हडकुळा पोरगा
सकाळी आठलाच त्या खुर्चीवर दप्तर ठेवून
स्वतः लांब, बंद पंख्याखाली, निथळत बसायचा
मी अकराला येईपर्यंत.

अख्खा मे महिना एक शब्द नाही.
जूनमध्ये तर्री-पोह्यांची एक प्लेट, चमचे दोन.
तिखटाने त्याचे डोळे भरले
तर म्हणाला, धूळ गेली.
लुना स्टँडवरून काढताना मीच विचारलं,
उद्या?
तो म्हणाला, येऊन राहिलो न.

पुण्याची माझी जाऊ हसते आमच्या बोलण्याला.
करून राहिलो, जाऊन राहिली,
अगं, करा तरी नाहीतर राहा तरी!
मीही हसते.

तिला काय सांगू,
की तो खरंच येऊन राहिला.
एकोणतीस वर्षं राहिला.
राहणं तेवढं चालू आहे,
येणं कोणत्या साली थांबलं
ते त्यालाही कळलं नाही, मलाही.

भांडण नाही बाप्पा त्याच्याशी.
पहाटे उठून टाकी भरतो.
माझ्या आईचं दुखणं पाच महिने काढलं,
तिचं भांडंसुद्धा उचललं,
कपाळाला आठी नाही.
पण वाळा भिजला की
मला त्या पोराची फार आठवण येते,
आणि ज्याला ती सांगावी
असं एकच माणूस घरात आहे,
आणि तो तोंडात स्क्रू धरून
मोटर उघडून बसलाय.

दुपारी बाहेर बेचाळीस.
जेवून तो आडवा झाला कूलरसमोर, मधोमध,
सगळा वारा पाठीवर घेऊन,
हाताला ग्रीस तसंच.
मी भिंतीशी बसले.
पाठ भिजली घामाने.
सरक म्हणाले नाही.

टाकीतलं पाणी बघायला तेवढी उठले दोनदा.