थांबेपर्यंत

हॅनकॉकला कोस्केलांच्या गॅरेजात
दोन टेबलांवर एक माणूस मांडून ठेवला होता :
गळ, पाने, बर्फाला भोक पाडायचा गिरमिट,
डबाभर न जुळणारे स्क्रू.
टेबलाखाली, ताडपत्रीआड, ग्राइंडर.
चाळीस किलो बीड, दोन टोकांना दोन दगड,
मध्ये मोटरीचं गरगरीत पोट.
‘पंचवीस डॉलर,’ हिल्मा म्हणाली,
‘आणि उचलणारा माणूस तुमचा.’

माणूस मीच. कंबरही माझीच.
तळघरात आधीचे आठ आहेत.
बायको मोजत नाही, पण आकडा तिला ठाऊक असतो.

सुरुवात डाव्या नटापासून.
नवखा इथेच फसतो. त्याचे आटे उलटे,
सोडवायला जावं तर आणखी आवळत जातो.
माझ्या पहिल्या ग्राइंडरच्या वेळी
फिनिश शिव्या संपल्या, इंग्रजी संपल्या,
मग बापाच्या हाताची चाल आठवली
आणि पाना दुसऱ्या बाजूला फिरवला.

दगड सुतळीला टांगून मुठीने ठोकला,
मडकं घेताना वाजवून बघतात तसा.
एक खणखणला. दुसरा भद्द.
भद्द वाजणारा दगड घरात ठेवू नये,
तो एक दिवस तोंडावर फुटतो.

रंग खरवडला. राखाडीखाली हिरवा,
हिरव्याखाली पुन्हा राखाडी, जरा जास्त मनापासून लावलेला.
डाव्या टेकणीवर अंगठ्याएवढी खोबण :
आर्वो कोस्केला पन्नास वर्षं
त्याच जागी छिन्नी टेकवत आला होता.
ती मी घासून सपाट केली नाही.
बाकी सगळं केलं.
कापडी वेष्टनाच्या वायरी बोटांत भुगा झाल्या, नव्या ओढल्या.
बेअरिंगांत ग्रीसचं मेण झालेलं,
पुलर लावून त्या ओढून काढल्या, नव्या ठोकल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बटण दाबलं.
पाठीवर पाच सेंटचं नाणं उभं केलं, उभंच राहिलं.
बंद केल्यावर चार मिनिटं दहा सेकंद
तो नुसता आठवणीवर फिरत होता.
मी घड्याळ लावून बसलो होतो. दोनदा मोजलं.

हिल्मा वेलदोड्याचा पाव घेऊन आली.
‘ऐकव,’ म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर बसली.
मी चालू केला. मग बंद केला.
ती कान देऊन होती. दगड फिरत राहिला.
‘हा तो नाही,’ ती म्हणाली.

‘आमचा बटण बंद झालं की गुरगुरायचा,
म्हाताऱ्या कुत्र्याला उठवावं तसा.
तो आवाज फरशीतून वर यायचा
आणि मी कॉफी ओतायला घ्यायची.
कप भरेपर्यंत तो गप्प, आणि आर्वो जिन्यात.
हा थांबेपर्यंत तर कॉफी गार होईल.’

‘बेअरिंगा गेल्या होत्या,’ मी म्हणालो.
बरोबर होतं. उपयोग काहीच नव्हता.

मग आठवलं, मी काही फेकत नाही.
बायकोची तीच तर तक्रार.
तंबाखूच्या डब्यात, खिळ्यांखाली, त्या दोघी होत्या.
हिल्माने एक करंगळीत घातली,
दुसऱ्या हाताने फिरवली.
खर्र. खर्रर्र. अडली.
‘हां,’ ती म्हणाली.

दोन्ही कोटाच्या खिशात टाकल्या,
किल्ल्यांच्या खिशात.
जाताना कोट त्या बाजूला ओढला गेला होता.
पाव गरम होता. दगड अजून फिरत होता.

जूनमध्ये दहावा आला, बंद पडलेल्या एका शाळेच्या वर्कशॉपमधून.
उघडण्याआधी त्याला एकदा,
आहे तसा, चालवून बंद केला.
चिरकत, कण्हत, एकोणीस सेकंदांत थांबला.
घरात कोणी नव्हतं.
मग डावा नट. उजवीकडे.