गॅस्केट मागवण्यापूर्वी

नदीचं मूळ विचारू नये, ऋषीचं कूळ विचारू नये.
इंजिनाचं मात्र विचारावंच लागतं,
हेड-गॅस्केट मागवायचं तर.

"कुठलं सहा-सिलिंडर, बाई?" दुकानदार फोनवर.
"दोनशे सोळा, पस्तीस, की एकसष्ट?
लांबून सगळी भावंडं सारखीच दिसतात."
"ट्रक अठ्ठेचाळीसचा," दारिया म्हणाली, "कागदावर आहे."
"कागद ट्रकचा असतो. इंजिन बघून सांगा."

म्हणून ही सकाळ. उणे अकरा.
सॅस्कॅचेवानचं सपाट, पांढरं, न संपणारं;
कोठाराचं दार गुडघाभर बर्फात,
बॉनेटच्या कडीला टांगलेला बल्ब,
आणि शेजारचा लेनार्ट, एकोणनव्वद वर्षांचा,
उलट्या बादलीवर बसून
दातांनी हातमोजा ओढतो.

"वरचं झाकण कशानं धरलंय?
मधोमध दोन नट, की कडांना चार स्क्रू?"
चार.
"मग सोळा नव्हे."
थोडं थांबून: "म्हणजे अठ्ठेचाळीसचंही नव्हे."

बाप, मेट्रो, जन्मभर सांगत आला
या गाडीचा एक नट बदललेला नाही.
दारियाच्या लग्नात सांगितलं,
गहू उतरवताना काट्यावरच्या पोराला सांगितलं,
शेवटी नाकात नळी असताना
फिलिपिन्सच्या त्या हसऱ्या नर्सलाही.

तारेचा ब्रश. रॉकेल. स्टार्टरच्या मागे
सत्तर वर्षांचं तेल आणि धूळ,
खरवडलं की खरवडीसारखं निघतं.
खाली करडा रंग. करड्याखाली आकडे,
कोरलेले नाहीत, ओतलेले, उठावाचे,
बोटाला आधी कळतात, डोळ्याला मागाहून.
लेनार्ट डोळे मिटून वाचतो. सात आकडे.
"एकसष्ट," तो म्हणतो. "मोठं भावंड."

पलीकडे तारीख: एच, चौदा, पाच.
एच म्हणजे आठवा महिना. चौदा म्हणजे चौदा.
पाच म्हणजे पंचेचाळीस, पंचावन्न, काहीही;
दशक लिहायची पद्धतच नव्हती.
ओतणाऱ्यांना वाटलं असेल,
दहा वर्षांनी कोण विचारायला येतंय.
"पंचावन्न," लेनार्ट म्हणतो. "त्याआधी हे जन्मलंच नव्हतं."

मग तो बल्ब जवळ मागतो.
करड्याच्या कडेला शिंतोडे आहेत,
मक्याच्या दाण्याएवढे, पिवळे.
कुणीतरी घाईनं फवारलेला,
शाळेच्या बसचा पिवळा.

बराच वेळ कोठारात फक्त बर्फ सरकल्याचा आवाज,
पत्र्यावरून, एकदा.

"अठ्ठावन्नचा एप्रिल," तो बादलीला सांगावं तसं सांगतो.
"ओढ्याला पाणी होतं, मला वाटलं निघेल.
मी तेवीस वर्षांचा. बस आडवी झाली.
सतरा मुलं. मी मोजली, परत मोजली,
तुझ्या बापाच्या दोराला धरून एकेक,
सतराच्या सतरा.
त्यानंतर मी बस चालवली नाही.
भंगारात गेली म्हणाले. मी विचारलं नाही, कुणाच्या."

साठ वर्षं हा माणूस कुंपणापलीकडे राहिला.
कापणीला याच ट्रकमध्ये मेट्रोशेजारी बसला,
मांडीवर कॉफीचा थर्मास,
आणि पायाखाली त्याचंच इंजिन गुरगुरत होतं.
चढावर ट्रक जरा जास्तच ओढायचा, तेव्हा मेट्रो म्हणायचा:
कंपनीतून आलाय तसाच आहे, लेनार्ट,
एक नट बदललेला नाही.

दारियाला आत्ता कळतं
बापाला खोटं नीट बोलता येत नसे,
म्हणून त्यानं एकच निवडलं
आणि ते रोज तेलपाणी करून चालू ठेवलं.

लेनार्ट उठतो. गुडघे वाजतात.
ब्लॉकवर उघडा तळवा ठेवतो,
थंडीनं कातडी चिकटेल इतका वेळ.
"त्याला सांग, एकसष्टचं पाठव," तो म्हणतो.
"सिलिंडरांमध्ये वाफेची भोकं असतात,
पस्तीसचं लावलंस तर ती बुजतील,
वाफ कोंडेल."

दारिया फोन लावते.
"सापडलं?" दुकानदार विचारतो.
"इंजिन मूळचंच आहे ना?"

ती दाराकडे बघते. लेनार्ट पाठमोरा,
हातमोजा शोधतोय, जो त्याच्या खिशातच आहे.

"हो," ती म्हणते.
"एक नट बदललेला नाही. पण पाठवा एकसष्टचं."