टॉलेफसनच्या घरची स्वयंपाकीण

उपासाच्या घरात मी स्वयंपाकीण होते.
हसू नका. पगार वेळेवर मिळायचा.
सुपीरिअर सरोवराच्या काठी, टेकाडावर,
सोळा खोल्या, सोळा खाटा, पाण्याचे सोळा तांबे,
आणि तळघरात माझी चूल, बहुतेक वेळा गार.

कुणाचं पारणं असेल त्या दिवशीच मला काम.
अर्धं संत्रं पिळायचं, गाळायचं,
पुन्हा गाळायचं, कोमट करून
चमच्याचमच्याने भरवायचं.
महिन्याने पहिला थेंब जिभेवर पडला की
लाकडाचे बडे व्यापारी, वकील
ओठ चाटत रडायचे.
ते रडणं इफ्राइम टॉलेफसन
आपल्या खात्यावर जमा करायचा.

तो डॉक्टर नव्हता. पाटीवर होता.
सरकारचं पत्र आलं तेव्हा स्वतः शिडी लावून
त्याने तो शब्द खरवडला,
पण पावसात लाकूड फुगलं
की अक्षरं परत वर यायची.

बेकरीवाल्याचा मुलगा. बाप पिठाच्या धुळीने खोकत गेला.
एकोणिसाव्या वर्षी हाही गेल्यातच जमा,
तीन डॉक्टरांनी हात टेकले,
मग याने अन्न टाकलं आणि बाविसाव्या दिवशी
उठून चालत डुलुथला गेला.
ही गोष्ट त्याने किती सभागृहांत सांगितली!
दर वेळी रस्ता दोन-चार मैलांनी लांबायचा.
पण चालला होता, हे खरं.
बूट मी पाहिलेत.

तुम्हाला वाटेल, रात्री चोरून खात असेल.
मलाही वाटलं होतं.
साखरेवर बोटाने नक्षी काढून ठेवायचे,
सकाळी नक्षी तशीच.
ढोंगी असता तर बरं झालं असतं.
ढोंग्याला निदान दुसऱ्याची भूक कळते.

रात्री खाली येऊन स्टुलावर बसायचा,
म्हणायचा, "ब्रोन्या, आज पाव सांग."
मी सांगायचे: राय किती, मीठ किती,
आंबवण रात्रभर कसं श्वास घेतं,
भट्टीतून काढल्यावर कवच कसं तडतडतं.
तो डोळे मिटून ऐकायचा.
मध्येच म्हणायचा, "पाणी जास्त झालं."

व्हर्ना हॅस्केल सव्विसाव्या दिवशी खाली आली.
शाळेतली ग्रंथपाल. संधिवात.
येताना घरून स्वतःची उशी आणलेली.
भिंत धरून धरून एकवीस पायऱ्या.
म्हणाली, भाजलेल्या पावाचा एक तुकडा.
लोणी नको.
किल्ली माझ्या कमरेला होती.
मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते.
डॉक्टर, असंच म्हटलं मी.

तो म्हणाला, ही भूक खोटी,
शरीराचा शेवटचा हट्ट.
खरी भूक आली की जीभ गुलाबी होते.
मी हाताला धरून तिला वर नेऊन निजवलं.
तिचा हात किती हलका होता ते मी सांगणार नाही.
एकतिसाव्या दिवशी तिचा भाऊ
तिला घेऊन गेला. उशी राहिली.

चौकशीत मला विचारलं,
तिने काही मागितलं होतं का?
मी म्हटलं, पाणी.

दंड झाला. त्याने भरला.
पुढच्या उन्हाळ्यात सोळाच्या सोळा खोल्या भरल्या,
आणि मी संत्री पिळली.

त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात अन्न आपोआप सुटलं.
नर्स म्हणाली, म्हातारपण.
उरलेसुरले शिष्य म्हणाले, महाउपास.
मी सवयीने दारामागे खडूच्या रेघा ओढत गेले.
नवव्या रेघेला म्हटलं, जीभ दाखवा.
दाखवली.
गुलाबी.

खाली गेले. चूल पेटवली.
पावाचा एक तुकडा भाजला, लोणी न लावता,
आणि बशी घेऊन वर निघाले.
एकविसाव्या पायरीवर थांबले.
कुणासाठी नेतेय
ते क्षणभर आठवेना.