डावीकडे वळताना

आमच्याकडे कुठल्याही क्वाडला होंडाच म्हणतात,
मग ती कुणाचीही असो.
माझी होंडा अधूनमधून मरायची,
बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तशी.

मी आधी विनिपेगहून प्लग मागवला.
मग कॉइल.
मग तो काळा डबा, सीडीआय,
ज्याच्या पोटात काय असतं
ते आमच्या गावात कुणीही पाहिलेलं नाही.
धुक्यामुळे विमान तीनदा परत गेलं.
डबा हातात पडला तेव्हा डास आले होते,
आणि बिल एवढं, की कुणी पाहू नये म्हणून
मी ते घडी घालून सीटखाली, पान्यांच्या पिशवीत दडवलं.
दुखणं एकीकडे, डाग भलतीकडे.

सप्टेंबरात उलायोक मावशीला घेऊन शिकारीला गेलो.
येताना ट्रेलरवर दोन कॅरिबू,
गाव चाळीस किलोमीटर,
नदीच्या वळणावर होंडा मेली.

प्लग काढला, इंजिनच्या अंगाला टेकवला,
म्हटलं, मावशी, बटण दाब.
स्टार्टर फिरला. दिवा लागलेला.
ठिणगी नाही.
पुन्हा दाब. नाही.
आजूबाजूला एक झाड नाही, आडोसा नाही,
नुसती तांबडी पडलेली जमीन
आणि माझी मान खाली.

मावशी रायफल मांडीवर घेऊन बसली होती.
म्हणाली, "मरताना ही कुठे वळत होती?"
तीन महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी स्वतःही नाही.
"डावीकडे," मी म्हटलं. आणि मग आठवत गेलं :
चर्चजवळ, डावीकडे.
पेट्रोलच्या टाक्यांपाशी, डावीकडे.
ज्या दिवशी पाकाक हसला होता, त्या दिवशीही.

"कुत्रं लंगडलं," मावशी म्हणाली,
"तर आपण त्याचे पाय बदलत नाही.
आधी चालवून बघतो."

मागच्या दिव्यातला बल्ब काढला,
त्याला दोन वायरी बांधल्या.
एक बॅटरीच्या ऋण टोकाला,
दुसरी मावशीच्या सुईला,
ती जिने सीलच्या कातड्याचे बूट शिवते.
पान्यांची पिशवी तिनेच उघडली.
बिल वाचलं. सगळं. खालची ओळसुद्धा.
"एवढ्यात दोन कुत्री आली असती,"
आणि घडी होती तशीच घालून परत ठेवलं.

मग काळ्या-पांढऱ्या वायरीत ती सुई टोचत गेली,
बोटभर अंतर सोडून, टाके घालावेत तशी.
बल्ब लागला.
पुढे, लागला.
पुढे, लागला.
जिथे हँडलची मान वळते तिथून एक बोट पुढे :
नाही.

वरचं आवरण अखंड, गुळगुळीत, चकाकतं.
मी दहादा त्यावरून कापड फिरवलं होतं.
मावशीने उलूने ते चिरलं
आणि आतून हिरवी भुकटी सांडली,
तांबं कधीच संपलेलं.
सरळ जाताना दोन टोकं एकमेकांना जेमतेम शिवायची,
डावीकडे ओढ बसली की सुटायची.
एवढंच. बोटभर वायर.

दिव्याची वायर कापून जोड दिला, पीळ घातला,
टेप जेवढी होती तेवढी गुंडाळली,
वरून कॅरिबूच्या स्नायूच्या दोऱ्याने आवळलं.
सुईच्या भोकांना चरबी फासली, पाणी शिरू नये म्हणून.
हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

उजेड उतरत आलेला.
प्लग पुन्हा टेकवला. मावशीने बटण दाबलं.
निळी.
टक टक टक, निळी,
आणि माझ्या बोटांतून खांद्यापर्यंत असा झटका
की मी ओरडलो
आणि मावशी हसत हसत खाली बसली.

मागचा दिवा गेला होता. असू दे,
मागे होतं कोण बघायला.
वळणावर गावाची वाट उजवीकडे फुटते.
मी हँडल डावीकडे टाकलं,
नदीकाठाने एक पूर्ण फेरी मारली,
मग दुसरी.
ट्रेलरवरून मावशी काहीतरी ओरडत होती,
इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.