नावडतीचं गाणं

पहिल्या दिवशी मी यादी घेऊन गेले,
सतरा गाणी, दवाखान्यातल्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली.
शेफिल्डमध्ये, ॲबीडेल रोडला, किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर
गॅरेथ ओल्डरॉइडची खोली. जिना इतका अरुंद
की पाठीवरची गिटार वळणावर भिंतीला घासते.

त्याने यादी वाचली. चष्मा कपाळावर चढवला.
यातल्या कुठल्या गाण्याने डोळ्यांत पाणी येतं?
मी पाच दाखवली.
ती आधी खोड.
का?
कारण पुढचे सहा महिने तू गाण्यांची हाडं मोडणार आहेस.
ज्याच्यावर जीव आहे त्याची कशाला मोडतेस?

हाडांचं मला काय सांगतो.
एकोणीस वर्षं एक्स-रे काढतेय,
हाताची सत्तावीस हाडं
मनगटापासून नखापर्यंत तोंडपाठ.
पण एफ धरायचा म्हटला
की पहिलं बोट सहा तारांवर आडवं होतं
आणि तिथंच झोपतं.
तिसऱ्या तारेतून नुसता खट्ट,
कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा.

खोडली. पाचही.
त्यात एक दादाच्या कॅसेटवरचं होतं,
पेन्सिल घालून गुंडाळलेल्या फितीतलं.
मधल्या तुकड्यात गिटार अशी काही वर चढायची
की मिरजेच्या गच्चीवर आम्ही बोलायचे थांबायचो.
मिरजेची मी, आणि वाद्याला कधी हात लावला नाही.
दारासमोर तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले,
अमीनचाचा घोडीवर दोरा सरकवत
तासन्‌तास एकच तार छेडायचे, मान तिरकी करून.
मला वाटायचं, यांना गाणं येत नाही वाटतं.

उरलेल्या बारांना गॅरेथने चाळण लावली.
हे फार वेगात. यात बोटं तुटतील.
हे सोपं वाटतं, तीच त्यातली मेख.
आणि हे तू चारचौघांत सांगायला लिहिलंयस, खरं ना?
खरं होतं.

शेवटी त्यानेच दिलं एक.
दोन कॉर्ड. कुणा लॉरीवाल्याचं,
पहाटेचे चार, धुकं, बायको फोन उचलत नाही.
चाल अशी की भांडी घासतानाही कुणी गुणगुणणार नाही.
मला मुळीच आवडलं नाही.
उत्तम, तो म्हणाला.
नावडतीचं मीठ अळणी, मी मनात म्हटलं,
मग खारट झालं तरी कोण रडतंय.

रात्रपाळी नसते तेव्हा, वॉकलीच्या घरात,
वायर न लावता वाजवते.
विजेची गिटार विजेशिवाय
भिंतीपलीकडच्या माणसासारखी बोलते,
शब्द नाहीत, नुसता हेल.
ई. मग ए. मग ई.
मधे जी फट पडते तिच्यात लॉरी बंद पडते.
पुन्हा ई.
बोटांच्या टोकांना आधी फोड, मग साल, मग घट्टा.
फोनचा पडदा आता ती बोटं ओळखत नाही.

मार्चमध्ये हिल्सबरोला ट्रामची वाट बघत होते,
बुरबुर पाऊस,
आणि शेजारच्या टायरच्या दुकानात तेच गाणं लागलं.
ई. ए.
तो जिथे श्वास घेत होता
तिथे माझी फट होती,
रोज पडते तीच, त्याच जागी.
ट्राम आली, दारं उघडली, मिटली, गेली.
मी डाव्या हाताने पिशवीचा पट्टा
एका विशिष्ट पद्धतीने दाबत उभी.

गुरुवारी गॅरेथला म्हटलं, हेही खोडावं लागणार.
त्याने का म्हणून विचारलं नाही.
खणातून फाटकी वही काढली,
पानं उलटत म्हणाला,
बघू, याहून वाईट काही सापडतं का.