फॉल

संध्याकाळी सात वाजता बसलिंग येतो,
खांद्याला पिशवी, हातात तळव्याएवढं मशीन.
"अक्का, एष्ट्री?"
मी पन्नास देते. चिठ्ठी कुर्रकन बाहेर येते.
चार वर्षं झाली.
सासूबाईंच्या तेराव्यालाही तो उंबऱ्याबाहेर थांबला,
आणि मी ओल्या हातानं पन्नासच दिले.

आज चिठ्ठीवरचा आकडा नीट वाचला:
त्रेसष्ट हजार चारशे.
शिलाई मशीनवर दुसरा कागद, मोनाप्पाच्या कार्डाचा,
अठ्ठावन्न हजार नऊशे बारा.
हे दोन कागद एका घरात राहतात
आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

कार्ड कुठून आलं ते आठवतं.
उद्यमबागेत कारखान्याच्या गेटवर
एक पोरगा टाय लावून उभा होता, चैत्राच्या उन्हात.
मग फ्रीज आला. प्रांजलची फी गेली.
सासूबाईंचे दवाखान्यातले पाच दिवस,
ते तर कसेही काढलेच असते, कुणाच्या तरी दारात उभं राहून.
आणि एक बूटजोड, दोन हजार सातशेचा,
ज्यावरचं भांडण अजून शिल्लक आहे.

रात्री प्रांजलच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
पिग्मी वर्षभर सांभाळून
सोसायटी जेवढं व्याज हातावर ठेवते,
तेवढं कार्ड एका महिन्यात उचलून नेतं.
खोडलं. पुन्हा मांडलं.
तेवढंच.

मोनाप्पा म्हणाला, "मग भरून टाकूया की."
जरा वेळानं, "नको, ओव्हरटाइम सुरू होऊ दे."
मग, "तुझे पैसे हाईत. तूच ठरव,"
आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आमच्या गावाला सवय आहे.
निकाल तिकडे कोर्टात, आपण इकडे
दोन लिप्यांच्या पाट्यांखाली भाजी घेत, पोरं वाढवत.
कार्डवाले तसे थांबत नाहीत.
त्यांची तारीख अठरा.

भरले तर चार हजार चारशे अठ्ठ्याऐंशी उरतात,
मुदतीआधी मोडली म्हणून सोसायटी कापेल ते वेगळं.
एवढे पैसे कशासाठी, हे मी कधी ठरवलंच नव्हतं.
त्यांना नाव नव्हतं.
पण त्यांच्या जोरावर मी दुकानदाराला म्हणू शकत होते,
"ह्या दरात परवडत नाही बघा, दुसरीकडे द्या."
तो आवाज कुठल्या खात्यातून काढायचा?

सकाळी शहापूरच्या दुकानातून नऊ साड्या आल्या,
लग्नसराईच्या, कडक, किणकिणणाऱ्या.
आणि एक जुनी इरकल. फॉल माझ्याच हातचा.
बदलून पाहिजे म्हणे.
उसवायला बसले.
फॉलची चाळण झाली होती,
बसस्टँड, पायऱ्या, मांडवातला चिखल,
सगळं त्यानं खाल्लेलं.
खाली काठ मात्र घडी मोडल्यासारखा नवा.
सुई बोटातच राहिली.
अगं, हा झिजायलाच तर लावतात.

सोसायटीतला फॉर्म कन्नडमध्ये.
बाईंनी बोट ठेवलं, इथं, आणि इथं.
मी मराठीत सही केली.
"याक्री? लग्न?"
"नाही. देणं."
त्या "हं" म्हणाल्या आणि शिक्का मारला.

त्या रात्री लगेच झोप लागली, असं काही नाही.
घर हलकं वाटत होतं,
आणि हलक्या वस्तूची भीतीच वाटते, वारा आला तर.
मोनाप्पानं कार्ड कापायला घेतलं
ते माझ्या कापडाच्या कात्रीनं.
मी ओरडले, "धार जाईल!"
ते अजून फ्रीजवर आहे, अर्धं कापलेलं.

सात वाजता बसलिंग.
"अक्का, मत्त शुरू?"
मी डब्यातून विसाची नोट काढली.
आकडा टाकताना तो जरा अडखळला.
बोटाला पन्नासची सवय.