छाट

होटगी रोडच्या शोरूममध्ये एसी इतका
की अम्मानं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.
बाहेरचं बेचाळीस डिग्री ऊन
काचेपलीकडे उभं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

हत्तुरे नावाचा मुलगा. टाय ढिला, बूट चकचकीत.
कोटेशन त्यानं माझ्यापुढे ठेवलं,
अम्मापुढे पाण्याचा ग्लास.

मी वाचत गेले: एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स,
हँडलिंग, टेफ्लॉन कोटिंग,
आणि तळाशी 'इतर', दोन हजार शंभर.
कुरिअरच्या ऑफिसात सव्वा वर्ष हिशेब लिहितेय मी,
तरी आकडा छापलेला असला
की मला तो खराच वाटतो.

अम्मा म्हणाली, इतर म्हणजे काय रे बाळा?
मावशी, ते सिस्टीममध्ये येतंच.

अम्मा हसली.
एकतीस वर्षं ऐकलंय तिनं हे.
हजार विड्या सुपात घालून कारखान्यावर जायची,
चेकर कट्टा सोडायचा, दोन बोटांत धरून दाबायचा,
ही ढिली, ही वाकडी, हिचं पान काळं,
आणि शंभर-सव्वाशे बाजूला सारायचा. छाट.
छाटेचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
का, विचारलं तर: येतंच ते.

तिनं कागद स्वतःकडे ओढला.
अक्षरं येत नाहीत तिला, आकडे येतात.
मी ओळ वाचायची, ती त्यावर
तंबाखूनं पिवळं झालेलं नख ठेवायची.
हँडलिंग.
गाडी तुझ्या दारात उभी, मीच आले तुझ्या दारात. छाट.
कोटिंग.
सोलापूरची धूळ त्याला भिणार होय? छाट.
इतर.
इथं ती काही बोललीच नाही,
नख फक्त आडवं ओढलं.

हत्तुरे मॅनेजरकडे गेला, आला. पुन्हा गेला.
तिसऱ्यांदा आला तेव्हा हँडलिंग गेलं होतं,
कोटिंग गेलं होतं, हेल्मेट आलं होतं
आणि इतर निम्मं उरलं होतं.
मावशी, आता माझ्या इन्सेन्टिव्हमधून जाईल, म्हणाला,
कपाळावर घाम, त्या एसीत.

खोटंही असेल. मी पायानं खुणावलं तिला.
एक हजार पन्नास म्हणजे पाच दिवसांच्या विड्या.
ती त्याच्या बोटांकडे बघत होती.
मग म्हणाली, राहू दे तेवढं. पण सीट कव्हर घाल.

नंबर आला त्या संध्याकाळी
अम्मा मागं एका अंगावर बसली, हेल्मेट मांडीवर.
अशोक चौकातून पुढं, कारखान्याच्या फाटकापाशी
हॉर्न दे, म्हणाली.
मला लाज वाटली, मी तशीच पुढं गेले.

वळव, म्हणाली.